माळावरच्या घरातला अलार्म

मी बोलतोय, पण दचकू नका. आज ओरडणार नाही. पांढरी प्लास्टिकची ताटली, मधोमध बटण, पोटात चौकोनी बॅटरी, आणि मुक्काम छतावर. असा स्मोक अलार्म तुम्ही पाहिला असेलच. मला दोन गोष्टी कळायच्या. एक धूर, तो काय तुम्हालाही कळतो. दुसरा कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला तो झोपेतच घेऊन जातो. तो फक्त मला कळायचा.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शहाणा झालो तो हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांशेजारी टांगलेला असताना. म्हातारा दुकानदार वस्ताद होता. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "हातोडी घेतलीत तर दुवा द्याल, हा घेतलात तर शिव्या द्याल. तरी घ्याच." एक बाई हसली आणि मला घेऊन गेली.

तिचं जुनं शेतघर वेस्ट व्हर्जिनियात, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या माळावर. वाऱ्यानं एकाच अंगाला झुकलेली चार झाडं, बाकी ब्लूबेरीची खुरटी झुडपं आणि दगड. घर ती सुट्टीपुरतं भाड्यानं द्यायची. शहरातली माणसं शांतता विकत घ्यायला यायची आणि फोनला रेंज नाही म्हटल्यावर तोंड पाडून बसायची. एका शिकाऱ्यानं तव्यावर बेकन जाळलं, मी ओरडलो, तर त्यानं मला बूट फेकून मारला. ॲन आर्बरहून आलेल्या कॉलेजच्या पोरांनी तर धूर लागू नये म्हणून मला प्लास्टिकची शॉवर कॅपच घातली होती. मी मनाला लावून घेतलं नाही. खऱ्या मालाबद्दल गिऱ्हाईक कुरकुरतंच.

मग एका ऑक्टोबरात ॲशबर्नहून सत्यजित आणि अदिती आले. बरोबर लेक अनिका, आणि साताऱ्याहून आलेले सत्यजितचे आईवडील, शोभाताई आणि त्र्यंबकराव. गाडीतून आधी कुकर उतरला, मग माणसं.

शोभाताईंनी तेलात मोहरी टाकली, वर हिरवी मिरची, आणि मी सुरू झालो.

"अगं बाई, हे काय बोंबलतंय!"

"आजी, मेक इट स्टॉप!" अनिकानं कान दाबले.

त्र्यंबकराव टॉवेलनं वारा घालत म्हणाले, "हिच्या फोडणीला मी जन्मभर शिंकतोय. माझी दाद कुणी घेतली नाही, याची लगेच घेतली बघ."

सगळे हसले. पण दुसऱ्या फोडणीलाही मी ओरडलो, तेव्हा सत्यजित खुर्चीवर चढला.

"अरे, काढू नको. खिडकी उघड," अदिती म्हणाली.

"बाहेर थंडी बघ यार. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, निघताना परत लावतो."

बॅटरी गेली त्याच्या खिशात आणि मी उलथन्यांच्या ड्रॉवरमध्ये. बॅटरी म्हणजे माझी जीभ. कान तेवढे शाबूत राहिले.

मसालेभात झाला, उसळ झाली, श्रीखंड झालं. जेवून तिघं माळावर फिरायला निघाली. म्हातारी जोडी लाकडं जाळायच्या लोखंडी शेगडीजवळच्या सोफ्यांवर आडवी झाली. सत्यजित जाता जाता थांबला. मुलगा गुणी होता, वाईट वाटतं ते त्याचंच.

"आई, निखारे मस्त पडलेत. धुराच्या नळीची झडप बंद करून जातो, म्हणजे तुम्हाला ऊब राहील."

झडप फिरल्याचा आवाज मी ऐकला. आता त्या वायूला बाहेरची वाट नव्हती. खिडक्याही बंद होत्या. आणि मी ड्रॉवरमध्ये मुका.

"डोकं जड झालंय गं," थोड्या वेळानं त्र्यंबकराव म्हणाले.

"तीन वाट्या श्रीखंड रिचवल्यावर होणारच."

"तू तरी कुठे ताजीतवानी आहेस?"

"सकाळपासून उभी आहे हो मी. झोपू द्या मला."

त्यानंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्र्यंबकराव उठले, मळमळतंय असं काहीतरी पुटपुटले, धडपडत बाहेर गेले. दार मागे लागलं. पाठोपाठ ओसरीवर काहीतरी धप्प पडलं.

माळावर धुकं उतरलं होतं, म्हणून तिघं लवकर परतली. "बाबा! अदिती, बाबा पडलेत! हार्टचं असणार!" अदिती पाण्यासाठी धावत आत आली. माझ्या ड्रॉवरच्या वरच तिनं पेला भरला आणि ओसरीवर गेली.

"आई गाढ झोपल्यात. शेकानं गाल कसे लाल झालेत त्यांचे. उठवू?"

"नको. बाबांना असं पाहिलं तर तिचं बीपी चढेल. आधी ॲम्ब्युलन्स."

सत्यजित गाडी घेऊन रेंज शोधायला गेला. ओसरीवर अनिकानं विचारलं, "शुड आय वेक आजी?"

"लेट हर स्लीप, बाळा," अदिती म्हणाली.

ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या माणसानं घोंगडी आणायला उंबऱ्यात पाय टाकला, आणि त्याच्या पिशवीला अडकवलेलं छोटं यंत्र किंचाळू लागलं. तो माझाच आवाज होता, दुसऱ्याच्या तोंडून निघालेला.

"आत अजून कुणी आहे?"

"आई," सत्यजित म्हणाला. "झोपलीय."

मोकळ्या हवेनं त्र्यंबकराव वाचले. शोभाताईंना बाहेर आणलं, पण हवेचा उपयोग होण्याची वेळ टळली होती. चौकशीला आलेल्या माणसानं अलार्म कुठे आहे असं विचारलं, तेव्हा सत्यजितनं ड्रॉवर उघडला. मला बाहेर काढून त्यानं खिशातली बॅटरी माझ्या शेजारी ओट्यावर ठेवली.

आता छतावर नवा भाऊ आहे. त्याची बॅटरी कुणाला काढताच येत नाही. मी गोठ्यातल्या खोक्यात पडून आहे, गंजक्या बिजागऱ्यांबरोबर. माझ्या पाठीवर छापलेली मुदतही संपत आलीय.

बॅटरी काढू नका, हे तर माझ्या पुठ्ठ्यावरच छापलेलं असतं. तेवढ्यासाठी मी तुम्हाला थांबवलं नसतं. माझं मागणं निराळं आहे. परक्या घरात शेगडीपाशी कुणी गाढ झोपलेलं दिसलं, तर त्याला हलवून जागं करा. चिडेल ते माणूस, म्हणेल आत्ता कुठे डोळा लागला होता. चिडू द्या.