थरथर कुणाची?

मी एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या इंजिनाखालचा रबर बोलतोय. मेकॅनिक मला माउंटिंग म्हणतात. दोन लोखंडी तुकड्यांच्या मधे घट्ट बसवलेला, तळहाताएवढा काळा ठोकळा. इंजिन उड्या मारतं, त्या मी अंगावर घेतो, आणि वर बसलेल्या माणसाला वाटतं की आपली गाडी काय मस्त चालते. माझं नाव कुणी घेत नाही. घेतलंच, तर मी फाटल्यावर.

मी जन्माचा भित्रा. इंजिनाच्या तापाची भीती, खड्ड्यांची भीती, आणि आमच्या वऱ्हाडातल्या रस्त्यांवर खड्ड्यांना काही तोटा नाही. पण खरी धास्ती तेलाची. रबरावर तेल पडत राहिलं की तो फुगतो, मऊ पडतो आणि एक दिवस चिरतो.

पहिली काही वर्षं मी अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे सुखात काढली. त्यांनी बॉनेट स्वतः कधी उघडलं नाही, हे माझं भाग्य. मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि आम्ही अकोटला चंद्रभानरावांच्या दारात येऊन उभे राहिलो.

चंद्रभानराव म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाडीवर त्यांचा फार जीव, आणि हेच माझ्या मुळावर आलं. दर रविवारी बॉनेट उघडायचं, तेल पाहायचं, कमी दिसलं की डेपोतल्यासारखा कॅन उचलायचा आणि वरूनच ओतायचा. नरसाळं वगैरे नाजूक कामं त्यांना जमत नसत. निम्मं इंजिनात जायचं, उरलेलं ओघळत माझ्यावर. कुणी म्हटलंच, तर लोखंड कुठं तेलानं खराब होतं, असं म्हणून ते हसायचे. लोखंडाखाली रबर आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. सुरुवातीला ते एसटीनंच जायचे. एकदा परतताना त्यांना बसमध्येच भोवळ आली. कंडक्टर जुन्या ओळखीचा निघाला. त्यानं त्यांना लहान लेकरासारखं उचलून मागच्या सीटवर निजवलं. ज्या रस्त्यावर त्यांनी सारी नोकरी केली, त्याच रस्त्यावर असं निजून यावं लागलं.

तेव्हा त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, पन्नाशी उलटल्यावर स्टिअरिंग धरलं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या मैदानात, पदर खोचून, चपला काढून त्या क्लच शिकल्या. लायसन्सही काढलं. शिकवायला चंद्रभानराव होतेच, आणि रागवायलाही तेच.

पण तोवर मी निम्मा फाटलो होतो. पहिला गियर टाकून क्लच सोडला की इंजिन हिसका द्यायचं आणि अख्खी गाडी थरथरायची. उभी असली तरी थरथरायची, एसी लावला की जास्तच. मनकर्णाबाईंच्या बांगड्या किणकिणायच्या, आणि शेजारी बसलेल्या चंद्रभानरावांना तेवढा पुरावा पुरे व्हायचा.

"तुले क्लच सोडताच येत नाही. हात पाह्य कसे थरथरून राह्यले."

एवढा मुरलेला ड्रायव्हर, त्याला कळू नये? पण जन्म एसटीत गेलेला. उभ्या बसच्या काचा खडखडतात, दांड्या वाजतात, त्यालाच ते गाडी चालू आहे असं म्हणायचे. गाडी थरथरते ही त्यांच्या लेखी तक्रारच नव्हती. थरथरत होती ती बायको.

मनकर्णाबाईंनाही ते पटलं. सकाळी निघण्याआधी त्या देवाजवळ हात जोडायच्या, ते नवऱ्याच्या तब्येतीसाठी नव्हे, आपल्या हातांसाठी. मला खालून सगळं कळत होतं. बाई, हे तुमचं नाही, हे माझं आहे, असं ओरडून सांगावं वाटायचं. आणि त्याच वेळी वाटायचं, नको. सापडलो तर फेकतील. त्या सुटायच्या तर मला मरावं लागणार होतं, आणि मरायची मला फार भीती वाटत होती.

मग तो पूल आला. अकोल्याला जाताना पुलाच्या चढावर गाड्यांची रांग थांबली होती. आमच्या मागं कापसानं फुगलेला ट्रक. रांग हलली, मनकर्णाबाईंनी क्लच सोडला, आणि माझा उरलेला धागा तुटला. इंजिन एका बाजूला उसळलं, खाडकन लोखंडावर लोखंड आदळलं, गियर निसटला आणि गाडी मागं घसरू लागली. ट्रकवाला हॉर्न वाजवत सुटला. मनकर्णाबाई ब्रेक विसरल्या. चंद्रभानरावांनी अशक्त हातानं हँडब्रेक ओढला, तेव्हा गाडी ट्रकच्या नाकापाशी थांबली. मी फाटका, लोंबकळत, नुसता थिजून गेलो होतो.

कसंबसं दवाखान्यात पोहोचल्यावर चंद्रभानराव एवढंच म्हणाले, "ही शेवटची खेप. योगेशले सांगतो, गाडी इकून टाक. मी एसटीनं जाईन." योगेश त्यांचा पुतण्या, जुन्या गाड्यांची दलाली करणारा. मनकर्णाबाईंनी मान डोलावली. भांडायला त्यांच्याकडं काहीच नव्हतं, त्यांचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता.

परतताना रेल्वे फाटक लागलं. डायलिसिसनं पार गळून गेलेले चंद्रभानराव डोळे मिटून पडले होते, त्यांना उकडू नये म्हणून इंजिन आणि एसी चालूच ठेवले होते. मनकर्णाबाईंनी गियर काढला, हँडब्रेक ओढला, पाय मागं घेतले आणि हात मांडीवर ठेवले. समोर पाण्याची बाटली होती. बाटलीतलं पाणी थरथरत होतं. त्यांनी हातांकडं पाहिलं. पुन्हा पाण्याकडं पाहिलं.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "माहे हात त मांडीवर हायेत. मंग हे काय थरथरून राह्यलं?"

चंद्रभानरावांनी डोळे उघडून बाटलीकडं पाहिलं. फाटक उघडलं. अकोटला आल्यावर बाईंनी घराकडं वळण घेतलं नाही. नवऱ्याला न विचारता, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी गाडी सरळ फारुखभाईंच्या गॅरेजसमोर उभी केली.

फारुखभाईंनी गाडीचा हिसका पाहिला आणि क्लच प्लेटचंच नाव घेतलं. बाई ठाम राहिल्या, आधी बॉनेट उघडा म्हणाल्या. मग बॉनेट उघडून ते स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि बाईंना समोर उभं केलं. हँडब्रेक, पायाखाली ब्रेक, पहिला गियर, आणि क्लच अगदी जरासा सोडला. इंजिन टुणकन उसळलं आणि धाडकन खाली आलं. माझी चीर उन्हात उघडी पडली. मला लपायला जागा उरली नाही.

मनकर्णाबाईंनी विचारलं, "फारुखभाई, तुमचे हात थरथरून राह्यले काय?"

"नाही काकू. इंजिनच उडून राह्यलं. माउंटिंग पूरी फाटली."

बाई तिथंच पायरीवर बसल्या आणि रडल्या. आवाज न करता, पण भरपूर.

पुढचं आठवलं तरी मी शहारतो. इंजिनाखाली जॅक आला, जॅकवर लाकडाची फळी. इंजिनाचा भार माझ्यावरून उतरला आणि पान्यानं बोल्ट सुटू लागले. बाहेर निघालो तो दोन तुकड्यांत. फारुखभाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं चिकट बोट दाखवत म्हणाले की हिला तेलानं खाल्लं, वरून कुणी तरी तेल सांडत होतं.

गॅरेजमधल्या खाटेवर आडवे झालेले चंद्रभानराव उठून बसले. त्यांनी माझे तुकडे मागून घेतले, बराच वेळ उलटेपालटे केले.

"मीच सांडत होतो," ते म्हणाले. "डेपोतल्यावानी."

मनकर्णाबाईंना बोलायला जागा होती, हक्कही होता. त्यांनी फक्त नवऱ्याच्या पाठीमागं गाडीतली उशी सरकवली.

माझ्या जागी नवा, कोरा करकरीत रबर बसला. बाई स्टिअरिंगवर बसल्या, इंजिन चालू केलं. गाडी गपगार. मी जमिनीवरून पाहत होतो. त्यांचे हात स्टिअरिंगवर होते, आणि ते थरथरत होते. पूल अजून त्यांच्या डोळ्यांपुढं असणार.

चंद्रभानरावांनीही ते पाहिलं. "आता काहून थरथरून राह्यली?"

"आता हे माह्यंच हाये," त्या म्हणाल्या. "राहू द्या." आणि त्यांनी पहिला गियर टाकला.

मी आता गॅरेजच्या कोपऱ्यात, फुटक्या पिंपात आहे. थंडी पडली की असला रबर शेकोटीत जातो, असं जुने टायर आपसात बोलतात. एक विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी नव्यानं गाडी शिकत असेल आणि गाडी थरथरली, तर आधी बॉनेट उघडा, हातांना नंतर नाव ठेवा. शेकोटीची मला भीती वाटते, नाही कशाला म्हणू. पण ती माझी मला आहे. माझ्या थरथरीसारखी ती कुणा दुसऱ्याला आपली समजून वागवावी लागत नाही.