उलट बाजूची गाठ

तबेल्याच्या भिंतीवर तिसऱ्या खिळ्याला लटकणारा, एक दात पडलेला जुना खरारा म्हणजे मी. मित्रांनो, तुम्हाला जशी रोज आंघोळ लागते, तसा घोड्याला रोज खरारा लागतो. माझ्या लोखंडी दातांनी त्याच्या अंगावरची धूळ आणि सुटे केस निघतात. एका लोहाराने मला घडवले आणि इथल्या मोतद्दारकाकांनी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या काकांनी, माझे दात दगडावर घासून बोथट केले. बोथट म्हटले की लोक नाक मुरडतात. माझी मात्र सारी अब्रू त्या बोथटपणावरच टिकली, आणि त्याबद्दल मी काकांचे उपकार विसरलेलो नाही.

हा तबेला कुणा एकाचा नाही, आसपासच्या लोकांनी मिळून चालवलेला आहे. शाळेतली मुले येतात, निवृत्त आजोबाही येतात. काकांचा नियम एकच होता. जो बसणार त्यानेच खरारा करायचा आणि शेवटी मोकळा तळहात घोड्याच्या पाठीवरून फिरवायचा. कान टवकारले की मागे पाडले, कातडी कुठे थरथरली, सगळे बघायचे.

"घोडा बोलत नाही असं कोण म्हणतं?" काका विचारायचे. "आपण ऐकायला थांबत नाही, एवढंच."

पुढे रंगीत ब्रश आले आणि लोकांना घाई झाली. दोन हात मारले न मारले की खोगीर चढू लागले. मी खिळ्यावर गेलो आणि तळहाताचा नियमही माझ्याबरोबर लटकला. काही वर्षे मी नुसता गंज खात होतो. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटायचे.

मला पुन्हा खाली काढले ते शिवणकाम करणाऱ्या मावशींसाठी. पन्नाशी उलटली तरी त्यांना घोड्यावर बसायची हौस, आणि घोडा नुसता फुरफुरला तरी बाई दाराबाहेर. काकांनी मला त्यांच्या हातात दिले. "बसायचं नंतर बघू. आधी नुसता खरारा करा," ते म्हणाले.

मावशींच्या वाट्याला बाईसाहेब आल्या. आमच्या काळ्या-पांढऱ्या घोडीचे हे लाडाचे नाव. चारा उशिरा आला की ती पाठ फिरवून उभी राही, म्हणून ते पडले. सहा महिने मावशी मला तिच्या अंगावर गोल गोल फिरवत राहिल्या. हळूहळू घोडी डोळे मिटून खालचा ओठ सैल सोडू लागली. मावशींची भीती गेली आणि माझा गंजही. या आनंदात मावशींनी तबेल्याचे जुने खोगीर घरी नेले, त्याची गादी नव्याने भरून, सुबक शिवून आणली. सगळ्यांनी वाहवा केली.

त्यानंतर आठवडाभरात बाईसाहेब बिथरल्या. खोगीर दिसले की कान मागे पडत, दात पुढे येत. एकदा तिने घोडेस्वारी शिकवणाऱ्या मॅडमना खाली पाडले. तेव्हापासून सगळे तिला लांबूनच ब्रशने झाडू लागले. मावशी तर पंधरा दिवस फिरकल्याच नाहीत. घोडी बिघडली असे ठरले. रविवारी दुपारी एक माणूस तिला ओझ्याच्या गाडीला जुंपायला नेणार होता.

रविवारी सकाळी मावशी निरोप घ्यायला आल्या. त्यांनी मला खिळ्यावरून काढले. मान झाली, खांदा झाला. खांद्यामागच्या काळ्या डागावर मी पोचलो आणि माझ्या दातांखाली कातडी शहारली. तिथे हरभऱ्याएवढी सूज होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मी पडलो खरारा. मावशी मात्र थांबल्या. त्यांनी मला बाजूला ठेवले आणि मोकळा तळहात तिथे टेकवला.

मग त्यांनी खोगीर आणून उलटे केले. गादीवरून बोटे फिरवता फिरवता ती एका जागी अडली. दोऱ्याची टणक गाठ होती, नेमकी सुजेवर टेकेल अशा जागी. शिवणाऱ्याची जन्माची सवय, गाठ उलट बाजूला मारायची, म्हणजे दिसत नाही. खोगिराची उलट बाजू घोडीच्या पाठीवर टेकते, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

मित्रांनो, त्यांना गुपचूप गाठ उसवून घरी जाता आले असते. पण त्या खोगीर उचलून अंगणात, सगळ्यांसमोर गेल्या.

"घोडी बिघडलेली नाही," त्या म्हणाल्या. "ही गाठ माझी आहे."

मॅडमनी गाठ चाचपून पाहिली. "आणि मी तिच्यावर चार वेळा ओरडले," त्या हळूच म्हणाल्या. काकांनी मान खाली घातली. "ती सांगत होती की. मीच नियम सोडला."

दुपारी गाडीवाला आला, तसाच रिकाम्या हाती परत गेला.

महिनाभर बाईसाहेबांच्या पाठीवर खोगीर चढले नाही, नुसता मी फिरत होतो. आता तळहाताचा नियम पुन्हा सुरू झाला आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला अजून रोज काम मिळते, याहून मोठे भाग्य कोणते?

तुमच्याजवळचे एखादे मुके जनावर अंगावर धावून आले, तर त्याला वाईट ठरवण्याआधी आपल्या हातची शिवण एकदा तपासा. एवढेच माझे मागणे आहे.

सूज उतरली तिथे, त्या काळ्या डागात, हरभऱ्याएवढे पांढरे केस उगवले आहेत. मावशी आता घोडीवर बसतात. पण चढण्याआधी त्यांचा तळहात रोज तिथे थांबतो, आणि बाईसाहेब ओठ सैल सोडतात.