दुप्पट वेगातला टोमणा

मी माईक बोलतोय. हो, खुद्द मीच. जन्मभर दुसऱ्यांनी माझ्या तोंडाला तोंड लावून आपलं म्हणणं रेटलं, आज माझी पाळी.

कुठल्या कारखान्यात जन्मलो, ठाऊक नाही. जाग आली ती दार-एस-सलाममधल्या एका ताराब मंडळीत. समोर बीबी सिकुधानी उभ्या. ताराब म्हणजे व्हायोलिनच्या साथीनं संथ लयीत गायचं गाणं. त्यात बायका एकमेकींना असे टोमणे हाणतात, की ज्याचं त्याला बरोबर लागावं. बीबींच्या श्वासाला लवंगेचा वास यायचा. आणि आवाज! तो सांगून कळायचा नाही.

पुढं त्यांचा गळा बसला तो कायमचा. मंडळी मोडली. मी हात बदलत बदलत मंझेसेच्या गल्लीत, किब्वानाच्या खोलीत येऊन पडलो. हा पठ्ठ्या मोडक्या संगणकावर जुन्या ताराबचे इवलेसे तुकडे कापायचा आणि दुप्पट-तिप्पट वेगानं गरगर फिरवायचा. त्यावर चौसिकू नावाची मुलगी लाह्या फुटाव्यात तशी तडतडायची. ह्याचं नाव सिंगेली. मला वाटलं, ह्यांच्या मागं कुत्रं लागलंय. रेडिओवाले तर हुंगूनही बघत नव्हते. पण लग्नांत बायका कमरेला कांगा, म्हणजे ते रंगीत छापील वस्त्र, आवळून नाचू लागल्या, शेजारच्या वस्त्यांतून बोलावणी येऊ लागली, आणि माझाही नाइलाजानं जीव जडला.

मग तक्रारी सुरू झाल्या. मोहल्ल्याचे अध्यक्ष मकामे दारात येऊन म्हणाले, "चौसिकू, शेवटचं सांगतो. एका जरी वडीलधाऱ्या बाईनं तक्रार केली, किंवा तुझ्या गाण्यापायी भांडण झालं, तर ह्या गल्लीत तुझा आवाज पुन्हा निघायचा नाही."

"मग मी गाऊ कुठं, काका? समुद्रात?"

"तिथं मासे तक्रार करत नाहीत," म्हणाले आणि गेले. ती हसली.

पुढचंच लग्न नेमकं अवघड. नवरा बीबी सिकुधानींचा नातू, नवरी बीबी किदावांची नात. दोघी म्हाताऱ्या एकाच गल्लीतल्या, पण तीस वर्षं एकमेकींशी अक्षर बोललेल्या नव्हत्या. पोरं प्रेमात पडली, त्याला कोण काय करणार? दोघी मांडवाच्या दोन टोकांना बसल्या. मधे पिलावाचे हंडे रटरटत होते.

भर दुपारी किब्वानानं नवा तुकडा लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज चिमणीसारखा चिरका झालेला, शब्द एक कळत नव्हता, पण मी ओळखला. बीबी सिकुधानी! आणि गाणं कुठलं, तर तेच. किदावांच्या लेकाच्या सुंतेच्या जेवणात पिलाव कमी पडला होता, त्यावर रचलेलं. त्या गाण्यानं बाई अशी पोळली, की तिनं पुन्हा दारात पंगत घातली नाही. तीस वर्षांत आजची पहिली. किब्वानाला कुठलं माहीत? त्यानं कॅसेट बाजारातून उचललेली.

बीबी सिकुधानी काठी टेकत किब्वानाच्या टेबलापाशी आल्या.

"ही मीच ना रे?" गळ्यातून नुसती हवा आली.

"चुकलं आजी, बंद करतो."

"बंद कर कोण म्हणालं? हळू कर. माझा आवाज मला एकदा ऐकू दे."

तेवढ्यात हंड्यांपाशी कुजबुज उठली. एक मावशी धावत येऊन चौसिकूच्या कानात म्हणाली, "अगं, हे पिलावाचं गाणं! हळू केलंत तर इथंच झिंज्या धरतील." झालं! हळू करावं तर लग्नात भांडण, न करावं तर थोरल्या बाईची तक्रार. इकडे आड, तिकडे विहीर. अध्यक्ष मकामे गर्दी सारत पुढं येतच होते. चौसिकूनं किब्वानाला नजरेनंच थांबवलं आणि गात राहिली. गप्प बसली असती तर हळू करायचं की नाही, ह्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तिचा दम संपत आला होता, मला कळत होतं.

तोच माझ्यावर दुसरा हात पडला. पिलावाच्या तुपानं माखलेला. बीबी किदावांचा.

"बंद कर रे ते यंत्र."

किब्वानानं कळ दाबली.

"हिला ते गाणं ऐकायचंय ना? कॅसेट कशाला हवी? मला पाठ आहे."

आणि त्या गायला लागल्या. संथ, जुन्या चालीत:

"झाकण चकचकीत, भांड्याला भोक,
बोलावलंस जेवायला, उपाशी उठले लोक."

गळा बेताचाच होता. पण एक हरकत चुकली नाही, एक थांबा हलला नाही. जिथं सिकुधानी श्वास घ्यायच्या, तिथंच ह्यांनी घेतला. रोज घोकल्याशिवाय असं येत नाही हो. समोर सिकुधानींचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मलाही रडू फुटलं असतं, पण माईकला ती सोय नाही.

गाणं संपवून किदावा म्हणाल्या, "शब्द हलकट होते तुझे, सिकुधानी. गळा मात्र पुन्हा कुणाला झाला नाही." मग किब्वानाकडं वळून, "आता पळव ते. आणि पानं वाढा." अध्यक्ष मकामेंकडं कुणी तक्रार केलीच नाही.

तोच तुकडा आधी रिक्षांतून, मग रेडिओवरून शहरभर घुमला. आता चौसिकू विमानानं परदेशी जाऊन गाते, बिनतारी माईकवर. मी किब्वानाच्या खुंटीवर लटकतोय. जाळी चेपलेली, तार तुटलेली. परवा कुणीतरी मला काचेच्या पेटीत मांडायला मागत होतं. तसलं काही करू नका.

दोघी म्हाताऱ्या नळावर अजून बोलत नाहीत. पण काल सिकुधानी एकट्याच खोलीत आल्या, मला तोंडाशी धरलं आणि किदावांसाठी रचलेलं उत्तर त्या हवेसारख्या आवाजात अख्खं म्हणाल्या. बाहेर काहीच ऐकू गेलं नाही. जाताना जिन्यात दोनदा बसल्या. पुन्हा चढून येतील की नाही, कोण जाणे. किब्वाना, बाबा, तेवढी तार आजच्या आज जोड.