शॉवरवरचा तिसरा दिवा

थोरली लेक सुट्टीच्या दिवशी सकाळी माहेरी पोचली, तेव्हा आई वरच्या मजल्यावरून जिना उतरत होती. खांद्यावर ओला टॉवेल, हातात साबणाची डबी आणि केसांतून पाणी ठिबकतंय.

वरच्या शेजारणीकडे आंघोळ करून आले, असं आईने सांगितलं ते अगदी दूध आणायला गेल्याच्या सुरात. आठवडाभर हेच चाललं होतं म्हणे. वडिलांनी बाथरूमच्या छतात स्वतःच्या हाताने तीन नवे दिवे बसवले होते आणि त्यांच्याखाली अंगावर तांब्याभर पाणी घ्यायचीही आईची तयारी नव्हती. शॉक बसूनच मरायचं होतं तर एवढी वर्षं संसार कशाला केला, असा तिचा सवाल होता.

आतल्या खोलीत वडील गाल फुगवून बसले होते. त्यांचीही बाजू तयार होती. उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या माणसाला तीन दिवे बसवता येऊ नयेत? शिवाय ते स्वतः रोज त्याच दिव्यांखाली आंघोळ करत होते आणि ठणठणीत होते. थोरलीने नुसती मान डोलावली. घड्याळातल्या बटणाएवढ्या सेलपलीकडे बाबांचा विजेशी कधी संबंध आला नव्हता, पण हे आत्ता बोलणं म्हणजे आगीत तेल.

अडचण अशी की थोरलीचं पोटापाण्याचं कामच हे होतं. नव्या इमारतींतलं वायरिंग तपासायचं आणि वीज जोडायला हो किंवा नाही म्हणायचं. ठेकेदार तिला पाठीमागे ‘नकारघंटा’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. आता घरच्यांनी तिलाच पंच नेमलं. तू म्हणशील ते मान्य, असं दोघांनीही सांगितलं आणि निकाल आपल्याच बाजूने लागणार याची दोघांनाही खात्री होती.

मेन स्विच बंद करून ती शिडी घेऊन बाथरूममध्ये शिरली. टॉर्च धरायच्या निमित्ताने आई मागोमाग आली आणि तिने दार लोटून घेतलं.

“काही सापडलं नाही, तरी सापडलं म्हण,” आई हळूच म्हणाली.

थोरली शिडीवर होती तिथेच थांबली. शॉकची भीती खरी आहे ना, असं तिने विचारलं. आईने टॉर्चचा झोत फरशीवर वळवला आणि मग एकेक बाहेर पडलं. दिवे लागले त्या दिवशी ती हौसेने आत गेली, आरशात पाहिलं आणि दचकलीच. जुन्या मिणमिणत्या बल्बने जे इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं, ते सगळं त्या पांढऱ्याफेक उजेडात उघडं पडलं होतं. डोळ्यांखालच्या पिशव्या, गळ्यावरच्या वळ्या, हनुवटीवरचे केस.

“आंघोळीला गेले की पोलिसांनी चौकशीला बसवल्यासारखं वाटतं गं. पण त्यांना कसं सांगू? इतक्या हौसेने बसवलेत. म्हणून म्हटलं, शॉक.”

थोरलीला हसू आवरेना. पण खोटा निकाल देणं तिच्याने होणार नव्हतं, आईच्या हनुवटीसाठीसुद्धा. जे असेल ते सांगेन, उजेडाचं बाबांना मी समजावते, असं म्हणून ती वर चढली.

आरशावरचे दोन्ही दिवे तिने उतरवून पाहिले. जोड नीट डबीत बंद केलेले, स्क्रू घट्ट, वायर कुठेही सोललेली नाही. काम एका घड्याळजीचं आहे हे लपत नव्हतं. मनातून ती सुखावली. मग शिडी सरकवून तिने शॉवरच्या बरोब्बर वरचा तिसरा दिवा धरला, कड खाली ओढली, आणि दिव्याच्या आतून पाणी तिच्या मनगटावर ओघळलं.

तिचं हसू मावळलं. तिने वडिलांना हाक मारली.

वडील दारात आले. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग लेकीकडे. “दार लावलं तेव्हाच समजलो मी. पढवून ठेवलंय ना आईने तुला?”

थोरली दिवा सोडवून खाली उतरली. तिने दिवा त्यांच्या हातावर तिरका केला. तळव्यात पाणी साचलं. पाण्यात पडलेलं घड्याळ निरखावं तसं वडील त्या दिव्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

“ते दोन उत्तम आहेत बाबा. इतकं नेटकं काम मला बाहेरही क्वचित दिसतं. पण हा एकटा पत्र्याचा, बैठकीच्या खोलीत लावायचा दिवा आहे. याला पाणी अडवायला रबराची कड नाही, वाफ थेट आत जाते. आणि याची अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही. आज ना उद्या याच्या पत्र्यात करंट उतरला असता.”

“ती वायर मला जास्तीची वाटली,” वडील पुटपुटले.

आई पालथ्या बादलीवर मटकन बसली.

“रोज आंघोळ झाली की या बादलीवर चढून ओल्या हाताने पुसता तुम्ही तो,” ती म्हणाली. “चकचकीत दिसावा म्हणून.”

आणि मग तिचा बांध फुटला. रडता रडता ती नवऱ्यावर बरसली, तितकीच स्वतःवरही. आपण सुरकुत्यांपायी शॉकचं सोंग करत बसलो आणि हा माणूस रोज खरोखरच मरणाखाली उभा राहत होता, हे सगळं एका दमात तिच्या तोंडून निघून गेलं. वडील आधी गोंधळले. शॉकचं त्यांना पटलं होतं, पण सुरकुत्या मध्येच कुठून आल्या ते कळेना. थोरलीने समजावून सांगितलं.

“मला काय माहीत?” ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. “मी आंघोळीला चष्मा काढून जातो.”

आई रडता रडता फसकन हसली.

दुपारी तिघंही दुकानात गेली. शॉवरवर पाणी न शिरणारा बंद दिवा लागणार, यावर वाद नव्हता. वाद झाला तो उजेडावर. आईने दुकानदाराला एकेक दिवा लावायला लावून त्याखाली छोट्या आरशात स्वतःला न्याहाळलं, आणि शेवटी मऊ पिवळसर उजेडाचे तीन निवडले. वडिलांनी ते पुन्हा स्वतःच बसवले. थोरली खाली उभी राहून प्रत्येक जोड बघत होती. एकदा तिने नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी मुकाट्याने स्क्रू पुन्हा आवळला. वीज कुठे गळली की तत्क्षणी तोडणारा स्विच बोर्डात बसवायचा होता. त्यासाठी मात्र तिने ओळखीचा वायरमन बोलावला आणि तिथे वडिलांनी हट्ट धरला नाही.

संध्याकाळी आई घरच्या बाथरूममध्ये गेली. वडिलांनी खुर्ची ओढून दाराबाहेर बस्तान मांडलं. आतून पाण्याचा आवाज यायला लागला तसे ते उठून दाराला कान लावून उभे राहिले.

“सगळं ठीक ना?”

“ठीक आहे.”

जरा वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा.

“अहो, जिवंत आहे मी,” आतून आवाज आला. “पण चैनीत आंघोळ करू द्याल का जरा?”

वडील खुर्चीत येऊन बसले. पाणी बराच वेळ पडत राहिलं आणि मध्येच आई काहीतरी गुणगुणायला लागली, थोडं बेसूर, पण मोकळ्या गळ्याने.