भूमिकाच्या तोंडाला कुलूप

भूमिकाचा आवाज गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर वाढला होता. वडिलांचं भांड्यांचं दुकान स्टँडला लागून. गिऱ्हाइकाला हाक मारायची तर बेळगाव गाडीच्या हॉर्नवर मात करावी लागायची. त्यामुळं पोरीनं कानात सांगितलेलं गुपितसुद्धा पलीकडच्या रसवंतीपर्यंत पोचायचं. कोल्हापुरात जाहिरातकला शिकायला आली आणि हाच आवाज नडायला लागला. लायब्ररीतून तिला एकटीला बाहेर काढलं होतं, एका तेल कंपनीच्या भेटीतून मात्र तिच्यापायी अख्ख्या वर्गाला.

म्हणून आज वर्ग ‘टोपली’ बघायला आला, तेव्हा दारातच शिकवणाऱ्या मैथिली मॅडमनी तिला बाजूला घेतलं. टोपली म्हणजे मोबाइलवरून किराणा-भाजी मागवायची कंपनी, आणि हे तिचं जाहिरातीचं ऑफिस. वर्गातल्या एकाला इथं सुट्टीभर काम शिकायला घेणार होते. भूमिकाला ते काम हवं होतं, अगदी जिवापाड.

“तुझी चित्रं सगळ्यांत चांगली आहेत,” मॅडम म्हणाल्या. “पण आज तोंड उघडलंस, तर तुझं नाव मी सुचवणार नाही.”

“मी कुठं वरडतोय, मॅडम?” भूमिका कुजबुजली. गेटवरच्या वॉचमननं दचकून वळून पाहिलं.

आत शिरल्याबरोबर परीक्षा सुरू झाली. इथल्या मीटिंगच्या खोल्यांना भाज्यांची नावं होती. “साहेब दोडक्यात बसलेत,” रिसेप्शनवरची मुलगी गंभीरपणे म्हणाली, “जरा वेळानं कारल्यात येतील.” वर्ग खुदखुदायला लागला. भूमिकानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज म्हणून फुटू दिला नाही.

जाहिरातीचं सगळं बघणाऱ्या क्रांतीताई मूळच्या कागलच्या, पण ऑफिसात इस्त्री केलेली मराठी बोलायच्या. त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. भाजी दारात पोचते, पण दार उघडायला कुणी उठत नाही. फोन गोड आवाजात सांगतो, ‘नमस्कार, आपली भाजी दाराशी आली आहे.’ लोक कौतुकानं ऐकतात आणि मालिका बघत बसतात. कोथिंबीर बिचारी जिन्यात मान टाकते. आज त्यासाठी नवा आवाज रेकॉर्ड करायचं चाललं होतं.

काचेच्या खोलीत एक बाई तेच वाक्य आणखी साखर घालून म्हणत होती. मुलांना डोकावता यावं म्हणून खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. बाहेरच्या टेबलावर मिसळीचे फोटो काढायची तयारी चालली होती. “ही खायची नाही हं,” क्रांतीताई हसल्या. “कट म्हणजे मशीनचं तेल आणि रंग. दही म्हणजे सुताराचा डिंक. दिव्याखाली चकाकतं छान.”

हे शिवांशनं ऐकलं नव्हतं. शाहूवाडीचा शिवांश म्हणजे वर्गातला सगळ्यांत चांगल्या वळणाचा मुलगा, मागं राहून सगळ्यांच्या चपला सरळ लावत होता. तो आला तेव्हा फोटोग्राफरला उजेड तपासायला कुणीतरी समोर बसायला हवं होतं. “बसा पावणं,” फोटोग्राफर म्हणाला, त्यानं शिवांशपुढं मिसळ सरकवली आणि दिवा आणायला गेला. आपल्याकडं पावण्याला ताटापुढं बसवलं म्हणजे तो पावणेर, पावण्याचं जेवण, आणि ते खायलाच. नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. शिवांशनं हात जोडून अन्नाला नमस्कार केला आणि चमचा भरला.

भूमिकानं ते पाहिलं. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. चमचा वर चढत होता. काम की शिवांश?

“आरं शिवांश! ठेव की त्यो चमचा खाली! हात लावू नगंस!”

चमचा पडला. काचेतल्या बाईच्या हातातला कागद पडला. साहेब दोडक्यातून धावत आले. वॉचमन काठी घेऊन वर आला, आणि रस्त्यापलीकडं गाड्यावर वडा उचललेल्या माणसानंसुद्धा वडा मुकाट्यानं खाली ठेवला.

मैथिली मॅडमनी डोळे मिटले. गेलं काम, भूमिकाला कळून चुकलं. तिला रडू फुटलं. तेवढ्यात ओठाला लाल रंग लागलेला शिवांश पुटपुटला, “मला वाटलं, पावणेर हाय.” मग रडता रडताच तिला असं हसू फुटलं की सगळा वर्ग पोट धरून खाली बसला.

क्रांतीताई मात्र हसत नव्हत्या. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. त्यांनी ते मोठ्यानं लावून पाहिलं. जिना उतरत असलेला वॉचमन परत काठी घेऊन वर आला.

“आगं, ह्येच पायजे हुतं मला!” क्रांतीताईंची इस्त्री पार विस्कटली. “लोकं उठत्यात की! मॅडम, ही पोरगी मला द्या. चित्रं काढू दे, न्हायतर भिंती रंगवू दे, पर आवाज माझा!”

“घेऊन जा,” मैथिली मॅडम म्हणाल्या आणि त्यासुद्धा हसायला लागल्या.

सुट्टीच्या शेवटी भूमिका गडहिंग्लजला घरी आली होती. टोपली आता तिथंही पोचली होती. तिची आई, अव्वा, चुलीपुढं भाकरी थापत होती, भूमिका शेजारी जेवत होती. फळीवरचा फोन एकदम गरजला, “आवो, भाजी आली की दारात! उठा की!”

“आलो गं बाई, किती वरडतीस!” म्हणत अव्वा पिठाच्या हातानं दाराकडं पळाली. समोरच्या काकूंचंही दार उघडलं. भूमिका भाकरीचा घास चावत गप्प बसली होती.