भुलीबद्दल विचारलं तेव्हा

लग्नाच्या आदल्या वर्षी रत्नप्रभाचं मुरबाडला टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं. ते चांगलं झालं. पण भुलीच्या एका औषधाचा अंमल काही केल्या उतरेना. तिला श्वासच घेता येईना. डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरून, त्याला जोडलेला रबरी फुगा हाताने दाबून कितीतरी वेळ तिचा श्वास चालू ठेवला. नंतर त्यांनी आईला बजावलं, "हे रक्ताच्या नात्यात असू शकतं. पुढे कुणाचंही ऑपरेशन निघालं तर आधी सांगा."

आई, सोनूबाई, बाहेर येऊन हळूच म्हणाली, "कुणाला बोलू नको गो. पोरीत खोट हाय म्हणतील. सोयरीक जमायची नाय."

सोयरीक जमली. रत्नप्रभा सापगावला नांदायला आली. पुढे आई वारली आणि ही गोष्ट फक्त तिच्यापाशी राहिली.

२००२ साली धाकटा भाऊ मुकेश तिच्याकडे आला असता त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. शहापूरच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आजच काढावं लागेल. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मुकेशला सगळं विचारलं: कधी जेवलास, दमा आहे का, कसली गोळी चालू आहे का. मग रत्नप्रभाकडे वळल्या.

"घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता?"

शेजारी सासू, गुणाबाई, उभी होती. रत्नप्रभाच्या ओठांवर आलं होतं.

"नाय," ती म्हणाली.

ऑपरेशन आटोपलं, तरी मुकेशला बाहेर आणेनात. शेवटी नर्स घाईघाईने दारात आली. "पेशंट स्वतःहून श्वास घेत नाही. नीट आठवा, घरात कुणाला असं झालं होतं का?"

रत्नप्रभा तिच्या बाजूने थेट आत शिरली. टेबलावर मुकेश निश्चल पडला होता. डॉक्टरबाई फुगा दाबत होत्या.

"मला झालं होतं," ती रडत म्हणाली. "लग्नाआधी. मी लपवलं, बाई."

क्षणभर बाईंचा चेहरा बदलला. मग त्या नर्सला म्हणाल्या, "झोपेचं औषध भर, लवकर. अंग हलत नसलं तरी हा आतून जागा असेल."

त्या जागच्या हलल्या नाहीत. दिवस कलल्यावर मुकेशची छाती आपणहून हलली, तोवर त्या आणि नर्स आळीपाळीने फुगा दाबत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभा त्याला पेज भरवायला बसली. त्याने चमचा बाजूला सारला.

"ताई, मी जागा होतो. डोळं उघडत नव्हतं, वरडता येत नव्हतं. वाटलं, मेलो. मग तुझा आवाज आला."

"मुक्या..."

"आधी बोलली असती तर बाईंनी दुसरं औषध दिलं असतं. मी विचारलं त्यांना."

तिने चमचा पेजेत ठेवून दिला.

घरी सासूने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "येवढ्यासाठी गप राहिलीस? अगो, मी काय तुला हाकलून देणार होते?"

रत्नप्रभाला हे शब्द सगळ्यात जास्त लागले. इतकी वर्षं ज्या माणसाला भ्याली, त्या माणसाला तिने एकदाही विचारून पाहिलं नव्हतं.

मुकेश बरा झाला. सापगावला येतो, भाचरांशी खेळतो, जेवतो. पण दिवा मालवला की त्याला अजून झोप लागत नाही. म्हणून तो मुक्कामाला थांबत नाही, आणि तिलाही थांब म्हणवत नाही.