उजवी नळी

माझी चिप चुकत नाही, हे मी प्रयोगशाळेत आठवडाभर घसा कोरडा करून सांगत होते. काचेच्या पट्टीवर केसाहून बारीक खांबांच्या तिरक्या रांगा. धुळीचं पाणी सोडलं की मोठे कण खांबांना आपटत डाव्या नळीत सरकतात, बारीक कण फटींतून वाट काढत उजवीकडे. पण उजव्या नळीत नुसतं स्वच्छ पाणी! चार वाजता माझे मार्गदर्शक अच्युत सर काम तपासायला येणार होते. बारीक धूळ दिसली नाही तर माझं तीन वर्षांचं काम बंद.

धुळीचा नमुना बाबांनीच सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून आणलेला. तिथल्या एका खनिजापासून लोखंड करणाऱ्या स्पंज आयर्न कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं चाळणीवर काढली. नव्या रायपुरात बस मिळायची मारामार, म्हणून आज मला स्कूटरवर सोडायला आले आणि इथेच टेकले.

"अनु, हे काय फिरून राहिलं?"

"ढवळणी. खाली चुंबक फिरतं, त्यानं बाटलीतली दांडी फिरते."

बाबा खो खो हसले. "लोखंडाची धूळ अन् चुंबकावर ठेवली? अवं पोट्टी, चुंबक लागलं का कण एकमेकाले धरून बसतात. आमाले हातानं सोडवा लागे."

माझं डोकंच फिरलं, स्वतःवर. दांडी रोज काळीकुट्ट निघायची आणि मी शहाणी ती रोज पुसून टाकायचे! बारीक कणांचेच गोळे झाले होते. चिप त्यांना मोठं म्हणत होती, ते बरोबरच होतं.

नवा नमुना घेतला, कण चिकटू नयेत म्हणून साबणाचा थेंब टाकला. बाबांनी बाटली हातानं खळाखळा हलवली. पाणी चिपमध्ये सोडलं. सर आले तेव्हा उजवी नळी काळी पडत होती.

"चालू ठेव," सर म्हणाले. "पुढचा नमुना कधी?"

"उद्या," मी ताठ मानेनं सांगितलं. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

बाबांनी ती नळी उजेडात धरली. "आमी तोंडाले रुमाल बांधत होतो. यानं हे अडत असंन ना?"

खोटं बोलवेना. "नाही, बाबा. हे रुमालातून आत जातं."

त्यांनी नळी जपून जागेवर ठेवली. मग सरांना म्हणाले, "साहेब, उद्याचा नमुना बी मीच आणतो. तिथं अजून पोट्टे रुमाल बांधूनच काम करून राहिले."